बॉयलरवरचा डबा आणि कारभारीचं कुंकू

श्रीगोंदा,
शनिवार, २२ नोव्हेंबर १९९७

तीर्थरूप दाजींना प्रवीणचा सप्रेम जयभीम.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना चढताना अजून कुरकुरतो, की आता नुसते तुम्हीच कुरकुरता? जयमालाताईचा दमा थंडीत बळावतो, तेव्हा तिला पहाटे अंगणात सडा मारू देऊ नका (तुम्ही मारा, गुडघ्याला व्यायाम होईल). माझी प्रकृती ठणठणीत आहे. खोकला आहे, पण चोयट्यांची, म्हणजे पिळलेल्या उसाच्या चुऱ्याची, धूळ आणि मळीचा वास यांच्यापायी इथं चेअरमनपासून गाडीच्या बैलापर्यंत सगळेच खोकतात, त्यामुळे त्याला आम्ही आजार धरत नाही.

तुमचं कार्ड मिळालं. सहा डिसेंबरला जामखेडच्या विहारात तुमचं भाषण आहे, आणि मागच्या कार्डावर मी 'कुंकवानं लाखाचं यंत्र बंद पडलं' असं एका ओळीत जे कळवलं होतं ते तुम्हाला भाषणात घ्यायचं आहे, तेव्हा सविस्तर लिही, असा हुकूम. (सविस्तर या शब्दाखाली तीन रेघा होत्या, तुम्ही पोरांच्या वहीत मारता तशाच लाल.) लिहितो. मलाही घाई आहे, कारण याच प्रकरणात आमचा वायरमन कारभारी याची कायम होण्याची ऑर्डर अडकली आहे, एक तारखेला सोमवारी त्याची इन्क्वायरी आहे, आणि दोष कुणाचा याचा अहवाल लिहायचा आहे मी. एवढ्या मोठ्या साखर कारखान्यात अहवाल लिहायला माझ्यासारखा स्वतःच प्रोबेशनवर टांगलेला इंजिनिअर सापडावा, यावरून कारखान्याचं कसं चाललंय ते ओळखा.

तर यंत्र असं. बॉयलरमध्ये वाफ किती, पाणी किती, उष्णता किती, हे आकडे पूर्वी एक माणूस घड्याळांसारख्या काट्यांवर बघून वहीत लिहायचा. गेल्या वर्षी पुण्याच्या एका कंपनीनं बॉयलरशेजारी भिंतीवर एक राखाडी डबा बसवला. हा डबा ते आकडे गोळा करतो आणि तीनशे फूट लांब वायरीतून आमच्या एसी केबिनमधल्या कॉम्प्युटरला पोचवतो. लग्नात दोन्हीकडचे निरोप पोचवणारे एक मामा असतात ना, ते हे. त्याचं इंग्रजी नाव एवढं लांब आहे की ते चेअरमनला पाठ होईना, म्हणून सगळा कारखाना त्याला डबाच म्हणतो. वर्षभर डबा नीट चालला. (अर्थात हंगाम पाच महिन्यांचा, म्हणजे उरलेले सात महिने तोही आमच्यासारखाच बसून होता.)

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे खंडेनवमीला, इथं सगळ्या यंत्रांची पूजा होते. बॉयलरची मोठी पूजा चीफ इंजिनिअर धर्माधिकारी साहेबांनी सोवळं नेसून केली, आणि किरकोळ यंत्रांना हळदकुंकू लावायला ताट घेऊन कारभारीला पाठवलं. त्यानं डब्यालाही पाच बोटं कुंकू आणि एक झेंडू वाहिला. त्यानंतर महिनाभर डबा व्यवस्थित चालला, हे इथं मुद्दाम लिहून ठेवतो. मग हंगामाच्या शुभारंभाच्या आदल्या दिवशी दुपारी लाईट गेली, तासाभरानं आली, आणि तेव्हापासून डब्यानं जे तोंड मिटलं ते मिटलंच. कॉम्प्युटरवर सगळीकडे शून्य. वाफ शून्य, पाणी शून्य, उष्णता शून्य.

आणि दुसऱ्या दिवशी शुभारंभ! मंडप, फेटे, सनई, पाहुणे. मोळी टाकून झाल्यावर चेअरमन सगळ्यांना घेऊन केबिनमध्ये आले, आपला कॉम्प्युटर दाखवायला. केबिनच्या बाहेर चपला काढायच्या असा नियम आहे (आत देव नाही, नुसता कॉम्प्युटर आहे, पण नियम तोच). तीस-चाळीस जोड दाराशी साचले. आत पडद्यावर वाफ शून्य, आणि बाहेर भोंगा असा बोंबलतोय की कानठळ्या बसाव्यात. धर्माधिकारी साहेब पाहुण्यांना सांगू लागले की ही सुरुवातीची पायरी आहे, आकडा हळूहळू चढेल. चेअरमन जुने शेतकरी माणूस, त्यांनी पडद्याकडं बघितलं, खिडकीतून धुराड्याकडं बघितलं आणि म्हणाले, "वाफ शून्य हाय, तर मग ह्यो भोंगा कुनाच्या तोंडानं वाजतोय?" पाहुणे हसले. धर्माधिकारी साहेब हसले नाहीत, आणि जाताना गडबडीत चेअरमनच्या कोल्हापुरी घालून गेले. त्या दिवसापासून त्यांना कुणी तरी दोषी माणूस हवा होता.

मी पुण्याला फोन लावला. कंपनीत नीलांबरी मॅडम म्हणून एक इंजिनिअर आहेत. आवाज इतका गोड की लाखाचं यंत्र बंद पडलंय हे सांगतानाही आपण त्यांना त्रास देतोय असं वाटावं. त्या म्हणाल्या, डब्यातलं कॉन्फिगरेशन, म्हणजे त्याच्या पोटातल्या सगळ्या नेमणुका, कॉम्प्युटरवर अपलोड करून घ्या आणि छापून फॅक्स करा, म्हणजे तो का बोलत नाही ते आम्हाला कळेल. मी म्हटलं, मॅडम, तो बोलत नाही म्हणून अपलोड होत नाही. त्या म्हणाल्या, बरोबर, आणि अपलोड झाल्याशिवाय तो का बोलत नाही ते सांगता येत नाही. हे त्यांनी मला तीन दिवसांत चार वेळा समजावून सांगितलं आणि चारही वेळा फोन ठेवेपर्यंत मला ते पटलेलं असायचं.

मग पुस्तक काढलं. पुस्तक कुठल्या तरी परदेशी माणसानं स्वतःच्या भाषेत विचार करून इंग्रजीत लिहिलंय. त्यात अपलोडबद्दल पहिलं वाक्य असं की, डबा तयार असल्याची खात्री करावी. दुसरं असं की, तयार नसल्यास तयार करावा. मी वायर बदलली. वायरीची टोकं बदलली. कॉम्प्युटरचं मागचं भोक बदललं. बटण दाबलं की पडद्यावर एक पट्टी भरू लागायची, आमचा जीव वरखाली, आणि तीन टक्क्यांवर अडकून 'उत्तर नाही' अशी पाटी. प्रत्येक वेळी मी केबिनमधून बॉयलरपर्यंत पळायचो, डब्यावरचा दिवा बघायचो आणि परत यायचो. दर खेपेला चप्पल काढा, चप्पल घाला. चौथ्या दिवशी उजव्या चपलेचा अंगठा तुटला.

शेवटी कारभारीनंच युक्ती काढली. तो डब्यापाशी उभा राहणार. मी बटण दाबलं आणि लाल दिवा लागला तर त्यानं गमछा वर करायचा, हिरवा लागला तर टोपी. केबिनच्या खिडकीतून मला दिसायचं. पद्धत उत्तम होती. फक्त गव्हाणीवर, म्हणजे जिथं ऊस टाकतात तिथं, गमछा वर करणं म्हणजे पट्टा बंद करा अशी खूण आहे, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. मी बटण दाबलं, लाल दिवा लागला, कारभारीनं इमानदारीत गमछा उंच धरला, आणि गव्हाण बंद. मला वाटलं नीट दिसत नाही म्हणून मी परत दाबलं, त्यानं आणखी उंच धरला. पंचवीस मिनिटं कारखाना उभा! बाहेर ट्रक, ट्रॅक्टर, बैलगाड्या पार रस्त्यापर्यंत, आणि गाडीवाले आमच्या दोघांच्या सात पिढ्यांची विचारपूस करतायत. कारभारी मात्र हात वर करून पुतळ्यासारखा उभा. कुणी तरी जाऊन त्याचा हात खाली केला.

पाचव्या दिवशी मी डबा भिंतीवरून काढून उघडला. झाकणाच्या फटीत चिमूटभर कुंकू आणि झेंडूची एक वाळकी पाकळी सापडली. घोडेगावच्या बाजारात बैलाचे दात बघायला घोळका जमतो तसे सगळे माझ्या खांद्यावरून वाकले. धर्माधिकारी साहेबांनी ती पाकळी चिमटीत धरली, उजेडात नेली आणि जाहीर केलं की कुंकवानं शॉर्ट झालंय. मी आत सगळं पुसलं, झाकण लावलं, लाईट दिली, आणि काय सांगू दाजी, हिरवा दिवा! अपलोड शंभर टक्के, चार मिनिटांत. दोन फ्लॉपीवर घेतलं, छापलं, पुण्याला फॅक्स केलं. पडद्यावर आकडे नाचू लागले. मला सगळ्यांनी खांद्यावर घ्यायचंच बाकी ठेवलं, आणि तासाभरात कारभारीच्या हातात इन्क्वायरीची नोटीस पडली. बॉयलरला ताटभर कुंकू फासलं ते धर्माधिकारी साहेबांनी, पण ते सोवळ्यातलं असल्यामुळे चौकशीत येत नाही.

कारभारी बारा हंगाम हंगामी आहे. दर वर्षी पाच महिने काम, मग घरी. त्याची कायम होण्याची ऑर्डर टाईप होऊन, सही होऊन ऑफिसच्या कपाटात पडली आहे. त्याची बायको भीमाबाई नोटीस आल्यापासून रोज ऑफिसच्या पायरीवर येऊन बसते, काही मागत नाही, नुसती बसते. आणि तो? भांडला असता तर बरं झालं असतं. तो काल माझ्याकडं आला, हात जोडले आणि म्हणाला, "साहेब, माज्याच हातानं झालं. बारा वर्सं नीट केलं आन् येका चिमटीनं घात झाला." त्याला ते खरंच वाटतंय.

असो. भाषणाला मसाला भरपूर झाला. लोक हसतील, तुम्हाला टाळ्या पडतील. घरातल्या थोरांना माझा जयभीम, आणि लहानांना माझ्या नावानं एकेक लिमलेटची गोळी.

तुमचा मेहुणा,
प्रवीण भिंगारदिवे

ता. क. ताईला सांगा, मफलर पाठवू नकोस. मागच्या वर्षीचा गव्हाणीच्या पट्ट्यात गेला, त्याची साखर कुणी खाल्ली देव जाणे. (हा शब्द सवयीनं आला, तुम्ही खोडून वाचा.)

पुन्हा ता. क. पत्र बंद करण्याआधी पहिल्यापासून वाचून काढलं. वाचायला झकास झालंय. फक्त त्यातलं कुंकू खोटं आहे. म्हणजे कुंकू होतं, पण ते फटीत कोरडं पडलेलं होतं आणि त्यानं कुणाचंही काही बिघडवलं नव्हतं. खंडेनवमीला सगळे पूजेच्या तयारीला लागले. आपण पूजा करत नाही हे इथं सगळ्यांना माहीत आहे, कुणी आग्रहही करत नाही. पण अख्खा कारखाना राबतोय आणि मी खिशात हात घालून उभा, हे बरं दिसेना. म्हणून मी कारभारीला म्हटलं, पूजा तुझी, साफसफाई माझी. टूथब्रश घेऊन, लाईट चालू ठेवूनच, डबा मीच उघडला. आत आठ इवले पांढरे स्विच असतात, काही वर, काही खाली. मला ते फार गबाळे दिसले. मी घासूनपुसून सगळे एका रांगेत खाली बसवले, मागं सरकून बघितलं आणि स्वतःवरच खूश झालो. दाजी, ते स्विच म्हणजे डब्याचा नंबर. आणि डबा आपला नंबर फक्त सुरू होताना बघतो. म्हणून महिनाभर तो जुन्या नंबरावर गुमान चालला, आणि लाईट जाऊन आल्यावर शून्य नंबराचा होऊन उठला. कॉम्प्युटर बिचारा त्याच्या जुन्या पाच नंबराला हाका मारत बसला. पाचव्या दिवशी झाकणाच्या आत, डबा बसवणाऱ्यानं पेन्सिलीनं काढलेलं स्विचचं चित्र दिसलं, मी ते माझ्या रांगेशी ताडून बघितलं, आणि पुसण्याच्या निमित्तानं मी ते गुपचूप जागेवर लावले. नीलांबरी मॅडमनी पहिल्याच फोनवर विचारलं होतं की स्विचना कुणी हात लावलाय का. मी म्हटलं, छे छे, आमच्याकडं तसं कुणी करत नाही. हे वर लिहायचं राहिलं. (राहिलं नाही. ठेवलं.)

शेवटचं ता. क. खरं म्हणजे एवढंच लिहायला बसलो होतो, पण हाताला भलतीच गोडी लागली. मला लाज वाटते, आणि भीतीही वाटते. दोन्ही सारख्याच. महिनाअखेर माझंही प्रोबेशन संपतंय. अहवालाचा कोरा कागद तीन रात्री पुढ्यात घेतला, आणि तिन्ही रात्री तो कोराच राहिला. मी भित्रा आहे हे तुम्हाला ताईच्या लग्नापासून ठाऊक आहे, आणि तुम्ही गप्प बसणाऱ्यातले नाही हे मला. म्हणून विनंती अशी. भाषण द्या, पण कारभारीला त्यातून काढा आणि मला घाला, नावगाव सांगून. आणि येत्या शनिवारपर्यंत माझ्या खऱ्या अहवालाची कार्बन कॉपी तुमच्या हातात पडली नाही, तर रविवारच्या पहिल्या एसटीनं इकडं या, सोमवारी सकाळी हे पत्र धर्माधिकारी साहेबांच्या टेबलावर ठेवा, आणि मी आडवा आलो तर मलाही बाजूला करा. ताईला पत्र दाखवू नका. ती शनिवारपर्यंत थांबायची नाही.