बाकाला कसं कळतं

सोमवार, १६ जून

आज नववीला अभिलंब बल! आपण बाकावर बसतो तेव्हा बाकही आपल्याला तेवढ्याच जोराने वर ढकलतो, म्हटलं. मागची बडबडी उठली, "बाई, बाकाला कसं कळतं किती ढकलायचं?" वर्ग खो खो हसला. मी मात्र खूश! अगं, त्याला कळत नाही, तो वाकतो. डोळ्याला दिसणार नाही इतकाच. जेवढं वजन तेवढा वाक, तेवढाच जोर. कुणी बसलं नाही तर काहीच नाही.

घरी आईला सांगितलं. म्हणाली, "मग हे बसतात तेव्हाही वाकत असेल."

बाबांना जाऊन वर्ष होत आलं! पण ते रोज संध्याकाळी खिडकीजवळच्या बाकावर येऊन बसतात, हे तिचं पालुपद. दादा रविवारी तिला वृद्धाश्रमात न्यायला येणार. मला ती इथेच हवी आहे. हे खूळ निघालं तरच दादाला अडवता येईल.

मंगळवार, १७

बाकाच्या टोकाला आरसा चिकटवला, त्यावर लेझर सोडला. समोरच्या भिंतीवर लाल ठिपका. आई बसली — ठिपका चार बोटं खाली. उठली — पुन्हा वर.

"बघ, बाक रिकामा आहे!"

"आत्ता कुठले? ते चहाच्या वेळेला येतात."

घ्या! हिच्यापुढे डोकं फोडून उपयोग नाही.

बुधवार, १८

चहाच्या वेळी ठिपका खाली आला.

आरसा घट्ट. लेझर जागच्या जागी. आई स्वयंपाकघरात. मी वाकून बघायला गेले, तर फळी करकरली — कुणी जरा सरकून बसावं तशी. भीती वाटली. खूप.

गुरुवार, १९

दादाला फोन केला. "आता तुझंही डोकं फिरलं का?"

शुक्रवार, २०

आज ठिपका खाली आला, तशी आई बाकावर बाबांच्या शेजारी जाऊन बसली. केस विंचरून! ठिपका आणखी खाली, थेट स्विचबोर्डाच्या कडेला. तिथे पेन्सिलीने खूण केली. दोघांच्या वजनाची. सवय!

रविवार, २२

दादा सकाळीच आला. भांडले, रडले. "शास्त्र शिकवतेस ना तू? लाज वाटत नाही?" काही चाललं नाही. आई चपला घालून मुकाट्याने गाडीत बसली.

रविवारच, चहाची वेळ

ठिपका खाली आलाय. दोघांच्या खुणेवर.

फोन वाजतोय. दादाचा आहे. उचलवत नाही.