भालूचा खरारा अन् माझी फणी

अहो,

शाळेच्या बैठकीला जिंतूरला चाललेय. सकाळची यष्टी गाठायची व्हती, म्हणून तुमाला उठवलं न्हाई. पिठलं झाकून ठेवलंय, भाकरी टोपल्यात हायेत.

मुंजाजी धनगराची मेंढ्याची कातर आजच परत द्या. भालूला भादरायचं न्हाई. पलटणीतून सुटून येताना पहाडातलं कुत्रं तुमीच आणलं, अन् त्याच्या अंगावर केसांचे दोन थर हायेत हे मी सांगायचं. उन्हाळ्यात आतली लोकर आपोआप गळती. वरच्या केसांनी ऊन अडतं, तेच कापले तर कातडी भाजंल त्याची.

टांगेवाल्या गफूरचाचाकडून घोड्याचा जुना खरारा मागून आणलाय. खुंटीला हाय. त्यानं लोकर निघंल, पण हलक्या हातानं फिरवा. तसं हलक्या हाताचं तुमाला काय सांगायचं. काल दिवस मावळेपर्यंत ओट्यावर बसून त्याच्या मानंतली एकेक गाठ सोडवत व्हता, वरून त्याच्यासंगं बोलत व्हता. मी चहा विचारला तर ऐकूबी आलं न्हाई.

अन् ते सगळं माझ्या फणीनं. लग्नात तुमीच आणलेली शिंगाची फणी, तिचे दोन-तीन दात मोडले. बारीक दातात त्याची लोकर अडकणारच. धुऊन, पुसून तुमच्या उशाशी ठेवलीय.

सांजच्याला येते. तवर भालूचं आटपून हात धुऊन घ्या. मी आज केस न विंचरताच बांधलेत.

मालन