दान दिलेला अ‍ॅम्प्लिफायर

माराशेश्ती, शुक्रवार

पांतेलिमोन भाऊजींना वेतुरियाचा नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? (ती कशाने धरली ते मला ठाऊक आहे. माझा नवरा गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी कोस्ताकेचा अ‍ॅम्प्लिफायर मी तुम्हाला रीतीप्रमाणे मेणबत्ती लावून, टॉवेलसकट, त्याच्या नावाने दान दिला. पण जिन्यावरून एकट्याने उतरवा असं कुणी सांगितलं होतं?) इकडे द्राक्षं बरी आहेत, कोंबड्या बऱ्या आहेत, मीही उभी आहे.

पुढच्या शनिवारी कोस्ताकेला जाऊन वर्ष होतंय. लेक रोदिका आणि जावई ओक्तावियान इटलीहून आलेत. ओक्तावियानने होम थिएटरचा रिसीव्हर आणलाय. त्याला इतके दिवे लागतात की पहिल्या दिवशी माझा हात आपोआप क्रॉसची खूण करायला उठला. तो त्याने कोस्ताके लोकांच्या लग्नांत वाजवायला न्यायचा त्या स्पीकरना जोडला. (कपाटाएवढे ते दोन. ते दान द्यायचे राहिले, कारण त्यांच्यावर माझ्या मुरंब्याच्या बरण्या असतात.)

त्या दिवशी गावजेवणाच्या वेळी कोस्ताकेची शेवटची टेप लावायची, एवढी एकच माझी इच्छा. ती तुम्हीच शेजारी बसून रेकॉर्ड केलीत. त्याचं अकॉर्डियन हळू सुरू होतं, मग चढत जातं, आणि ते चढलं की रिसीव्हर खटकन बंद. दर वेळी तिथेच. जावई म्हणाला, "आई, हे स्पीकर फार ओढतात, याच्यात तेवढा दम नाही. याच्या मागून तार काढून वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरला द्यायची. हा नुसता आवाज कमीजास्त करील, ओझं तो उचलेल."

"म्हणजे आपल्या घरासारखंच," रोदिका म्हणाली. "बाबा हुकूम सोडायचे, ओझं तू उचलायचीस."

पाद्रीबाबांनी चर्चचा अ‍ॅम्प्लिफायर दिला आणि तो नीट चालतो का पाहायला स्वतः येऊन बसले. आधी बाकीचं चालू करायचं, अ‍ॅम्प्लिफायर सगळ्यात शेवटी, हे कोस्ताके जन्मभर ओरडून सांगत होता. आम्ही उलट केलं. असा धडाका झाला की आलुबुखाऱ्याची बरणी थेट पाद्रीबाबांच्या झग्यावर. (त्यांनी शाप दिला नाही. पण बोटाने मुरंबा चाखून, साखर कमी आहे म्हणाले.) मग अकॉर्डियन वाजलं, पण प्रवचनापुरत्याच त्या यंत्रातून ते पार घुसमटून येत होतं. शेजारची आगलाया कुंपणावरून विचारते, "वेतुरिया, कोस्ताकेला तिकडे सर्दी झालीय का गं?"

आवाज बारीक ठेवला तर टेप शेवटपर्यंत चालते. चालवून पाहिली. पण इतका बारीक तो फक्त शेवटच्या महिन्यात, त्या खाटेवर होता. सगळ्या गावापुढे त्याला पुन्हा तसं ठेवायला माझं मन धजत नाही.

असो. मृताच्या नावाने दिलेलं परत मागत नाहीत. मागितलं तर तिकडे त्याच्या हातूनही जातं. म्हणून मी काहीच मागत नाही. तुम्ही या, एवढंच.

तुमची वहिनी,
वेतुरिया

ता. क. पाहुणे रिकाम्या हाताने येत नाहीत, हे मला माहीत आहे. पण वाइन आणू नका, ती घरची पुष्कळ आहे. जे आणाल ते जेवण झाल्यावर परत घेऊन जा, ते तुमचंच आहे. उचलायला ओक्तावियानला स्टेशनवर पाठवते.

ता. क. आणखी एक. टेपच्या शेवटी, अकॉर्डियन थांबल्यावर, कोस्ताके काय म्हणतो ते तुमच्या लक्षात आहे का? म्हणतो, "पांते, हात काढ त्या बटणावरून. मोठाच राहू दे."