स्वयंपाकीण, वय अंदाजे चाळीस

अॅशबी क्रीक, साउथ कॅरोलायना
३ मार्च १९९४

ति. ओडेसाताईस सा. न. वि. वि.

आपण दिलेला पणजीचा लोखंडी हंडा हॅलोवे हवेलीच्या संग्रहालयात, जुन्या स्वयंपाकघरात मांडला. काचेची पेटी, वर दिवा, खाली पाटी: ‘घरकामातील मदतनीस’. जणू वाटीभर साखर मागायला आली आणि चाळीस वर्षं राहिली.

संग्रहालयाच्या समितीत मी म्हटलं, गुलाम लिहा आणि नाव लिहा, डॉर्कस. हवेलीच्या तेव्हाच्या मालकांची पणती मिसेस क्लेबोर्न अध्यक्ष आहेत. त्या म्हणाल्या, पुरावा हवा. हवेलीच्या कागदांत फक्त ‘स्वयंपाकीण, वय अंदाजे चाळीस’ असं आहे आणि आपल्या घरच्या बायबलात पिढ्यांच्या यादीत लिहिलेलं नाव ही घरगुती आठवण. शेजारच्या पाटीवर मात्र एका जनरलनं इथं भेंडीचं सूप तिसऱ्यांदा मागून घेतल्याचं छापलंय. त्याचा पुरावा विचारला, तर म्हणे त्यांच्या आजी सांगायच्या.

हंडा परत आणू का? जुलैत सगळं गोत जमेल. त्यांना ती पाटी कोणत्या तोंडानं दाखवू?

तुझी
व्हर्लीन

डेट्रॉइट
११ मार्च १९९४

चि. व्हर्लीन हिस अनेक आशीर्वाद.

हंडा हलवू नकोस. पेटी रिकामी झाली की ते लोक सुटले. लहानपणी भर चर्चमध्ये उभी राहून पाद्र्याची चूक काढली होतीस, ती खोड काय आता लोणच्याला ठेवायची आहे? तिथंच ठाण मांड. भांडताना गुडघा सांभाळ.

तुझी
ओडेसा

अॅशबी क्रीक
२ जून १९९४

ति. ताईस सा. न. वि. वि.

समितीनं तोडगा काढला. कोणाच्याच भावना दुखावू नयेत म्हणून पाटीच काढून टाकली. हंडा आता आपोआप शिजत असावा.

मी दर शनिवारी पेटीशेजारी बसेन म्हटलं, तर मिसेस क्लेबोर्न खूश. स्वयंसेविका मिळाली! म्हणजे त्या स्वयंपाकघरात पुन्हा आपल्यातलीच बिनपगारी. तरी अर्ज भरला. स्वयंसेवकांना नावाचा बिल्ला लावावा लागतो, नाव आपणच लिहून द्यायचं. मी डॉर्कस लिहून दिलं. पुरावा कोणी मागितला नाही.

शनिवारी मिसेस क्लेबोर्ननी बिल्ला वाचला. म्हणाल्या, “व्हर्लीन, त्या स्वयंपाकिणीचं हे नाव होतं याला आधार नाही.”

मी म्हटलं, “तुमच्या कागदांत दुसरं असेल तर दाखवा. तेही लावते.”

त्या गेल्या. दारावरच्या नव्या पहारेकऱ्याला यातलं काही ठाऊक नाही. माझा गुडघा बघून त्यानं भरल्या दालनात हाक मारली, मिस डॉर्कस, बसायला खुर्ची देऊ का? मी म्हटलं, दे.

जुलैत नक्की ये. माया आहेच, ती वाढती ठेव.

तुझी
व्हर्लीन