समुद्राकाठचा झेंडा

विशाखापट्टणम, शुक्रवार

सौ. जयाले भिलाईच्या घरी,

मी अन् मोना मजेत आहोत. मायचे गुडघे कसे आहेत? तेल कोमट करूनच लावजो.

समुद्र म्हणजे आपल्या शिवनाथ नदीले दुसरा काठच नाही असं समज. काल टेकडीवर गेलो. सगळ्यांले दूरचं जहाज दिसून राह्यलं होतं. मीबी "हो, हो" म्हणलं.

आज किनाऱ्यावर झेंडा लागला होता. हिरवा असला की पाण्यात जा, लाल असला की जाऊ नका. तुले माहीतच आहे, इंजिनवर मी सिग्नलचा रंग मोठ्यानं बोलतो अन् असिस्टंट तोच परत बोलतो. मोना लहानपणापासून माझ्यासंग हा खेळ खेळते. तिचा हात धरून मी म्हणलं, "हिरवा!"

तिनं परत बोललंच नाही. म्हणे, "बाबा, लाल आहे."

घाबरू नको, आम्ही पाण्यात गेलो नाही. वाळूत बसून भुट्टा खाल्ला. इथं लिंबू लय चोळतात.

पण जया, माझ्या मागं बावीस डबे असतात, माणसांनी भरलेले.

फोनवर मोना बाजूलेच असते, म्हणून लिहून राह्यलो. सुट्टी संपली की इंजिनवर चढायच्या आधी रेल्वेच्या डॉक्टरले डोळे दाखवतो. इंजिनवरचं काम सुटलं तरी चालन.

हे मी बोललो. पत्र भेटलं की फोन कर अन् तू हेच परत बोल, म्हणजे मले मागं फिरता येणार नाही.

तुझाच,
सुखराम