परडे दत्तारामला मिळणार नाही

मी, सौ. सुभद्रा काशीराम मेतर, माहेरची सुभद्रा विष्णू तेरसे, वय ७१, राहणार वालावल, तालुका कुडाळ, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी फूस लावलेली नाही. दाब आला तो उलट बाजूने आला, आणि मी तो मानलेला नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. आम्हाला मूलबाळ नाही. कुडाळच्या वकीलबाईंनी मला सांगितले की, अशा बाईला बापाकडून वारसाने आलेली मिळकत, ती काही न लिहिता गेली तर, नवऱ्याला मिळत नाही. बापाच्या वारसांकडे परत जाते. म्हणजे माझा भाऊ दत्ताराम याच्याकडे. ज्या घरात माझे यजमान सतरा वर्षे राहत आहेत, तिथून त्यांना माझ्या तेराव्यानंतर बाहेर काढता येईल. हे ऐकल्यावर मी वकीलबाईंच्या टेबलावरचाच कागद मागून घेतला.

२. मिळकत अशी: वालावल येथील घराच्या मागील बाजूच्या दोन खोल्या, पडवी, विहिरीतला अर्धा हिस्सा आणि मागचे नऊ गुंठे परडे. हा माझ्या वडिलांच्या मिळकतीतला माझा हिस्सा आहे. मी आरोंद्याच्या मासेमाराशी लग्न केले म्हणून वडील माझ्याशी अकरा वर्षे बोलले नाहीत. शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना भरवायला मीच होते. ते गेल्यावर दत्तारामने साडी, नारळ आणि टाईप केलेले हक्कसोडपत्र एकाच पिशवीतून पाठवले. साडी मी नेसले, नारळ आमटीत घातला, कागदावर सही केली नाही. मग वाटणीत त्याने पुढची चांगली बाजू घेतली आणि मला मागची दिली. तिथे रुई, घाणेरी, एक कढीलिंब आणि दगड होते.

३. ही संपूर्ण मिळकत माझ्या पश्चात माझे यजमान श्री. काशीराम बाबू मेतर यांची एकट्याची राहील. पोस्टातील शिल्लक व माझ्या कानातल्या कुड्याही त्यांच्याच.

त्यांना हे वाचून दाखवले तेव्हा ते म्हणाले, "माका नको गो. मी आरोंद्याक भाच्याकडे जायन."

मी म्हटले, "तुमी खंय जावचे नाय."

का, तेही लिहिते. सतरा वर्षांपूर्वी ट्रॉलरवर जाळे ओढायच्या यंत्रात त्यांचा उजवा पाय सापडला. पाय राहिला, पण दर्या सुटला. मी त्यांना इथे आणले. सात महिने ते भिंतीकडे तोंड करून पडून होते. जेवण वाढले तर जेवत, विचारले तर हुंकार देत. फाल्गुनात एका सकाळी मी त्यांना जबरदस्तीने धरून मागच्या पायरीवर बसवले आणि चुलीकडे गेले. थोड्या वेळाने हाक आली.

"सुभद्रा, हंय ये. ह्या बघ, काय बसला आसा."

रुईच्या फुलावर केशरी फुलपाखरू होते, पंखांना काळी किनार. ते पंख मिटून उघडत होते. यजमान म्हणाले, शीड सुकत घातले की वाऱ्यावर असेच हलते. सात महिन्यांतले त्यांचे हे पहिले सलग बोलणे. मी चुलीवरचा भात करपू दिला आणि शेजारी बसले.

दुसऱ्या वर्षी ते माघ संपण्याआधीच पायरीवर जाऊन बसले. तेव्हापासून आमची पैज लागते. वसंतातले पहिले फुलपाखरू ज्याला दिसेल तो जिंकला. हरलेल्याने त्या दिवशीचे मासे साफ करायचे. फुलपाखरांनी अंडी घालावीत म्हणून त्यांनी लंगडत लिंबू लावले, बेल लावला, आणि रुई उपटायला माझा हात गेला की ओरडायचे. अळ्यांनी कढीलिंबाची पाने खाल्ली तर आम्ही आमटीला फोडणी बिनपानाची दिली. गावाने आम्हाला वेडे म्हटले. म्हणोत.

४. दत्तारामने खाडीच्या बाजूला पर्यटकांसाठी खोल्या बांधल्या. त्यांना रस्ता माझ्या परड्यातून हवा होता. दोनदा मागितला, दोनदा मी नाही म्हटले. गेल्या वर्षी पौषात मी यजमानांना पाय दाखवायला कुडाळला घेऊन गेले. परत आलो तर परडे भुईसपाट. लिंबू, कढीलिंब, रुई, सगळे मशीनने बुडातून कापलेले. फांद्यांचा ढीग कुंपणाच्या दगडी गडग्यापाशी पडला होता आणि त्यातल्या पानांखाली कोश लटकत होते.

दत्ताराम म्हणाला, "कित्याक रडतस गो? झाडां परत फुटतली. सगळी किड्यांनी भरलेली. साफ करून दिलंय."

यजमान त्याच्याशी सहसा बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले. "दत्ताराम, ते किडे न्हय. ती फाल्गुनातली फुलपाखरां."

"फुलपाखरांक रस्तो लागणा नाय. माज्या पावण्यांच्या गाड्यांक लागता."

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आला. मी दोन खुर्च्या परड्याच्या तोंडाशी मांडल्या, शेजारी स्टोव्ह मांडला, आणि आम्ही दोघे बसलो. जेसीबी चालवणारा विकी खाली उतरला.

"आज्ये, बाजूक व्हतस?"

"नाय."

"मगे मी काय करू?"

"चाय पी."

तो चहा प्याला. मग दत्तारामला फोन करून म्हणाला, "हंय माणसां बसली आसत. माझ्याच्यान होवचा नाय." आणि जेसीबी वळवून कसालच्या दिशेने निघून गेला. त्यानंतर म्हातारपणी माझ्या डोक्यावर परिणाम झाला असे दत्ताराम गावभर सांगत फिरला. डॉक्टरांचा दाखला त्यासाठी जोडला आहे.

माघ गेला, फाल्गुन गेला. एकही फुलपाखरू आले नाही. यजमान रोज पायरीवर बसत, पण हाक मारत नसत. ते पुन्हा भिंतीकडे तोंड करतील या भीतीने माझा जीव अर्धा झाला होता. पाडवाही तसाच गेला. रामनवमीच्या दुसऱ्या दिवशी, कढीलिंबाच्या खुंटाला फुटलेल्या पालवीवर मला एक काळे फुलपाखरू दिसले, खालच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. मी गप्प राहिले. म्हटले, यांना दिसू दे, यांना जिंकू दे. बराच वेळ गेला.

शेवटी ते म्हणाले, "तुका दिसला काय गो?"

"तुमका?"

"मगाशीच. म्हटला, तू जिंक."

त्या दिवशी मासे आम्ही दोघांनी साफ केले. दत्तारामने गडग्यापलीकडून विचारले, "काय, इली काय पावणी?"

मी म्हटले, "इली. रस्त्याशिवाय इली."

५. दत्ताराम विष्णू तेरसे याला मी न सही केलेले हक्कसोडपत्र देते. अठरा वर्षे ट्रंकेत जपले आहे. वडिलांची फ्रेम केलेली तसबीरही त्याचीच. तो माझा भाऊ आहे, हे मी विसरलेले नाही. परड्याच्या मातीतला मूठभरही भाग त्याला देत नाही.

६. यजमानांच्या पश्चात सर्व मिळकत दत्तारामची मुलगी अनुजा हिला. झाडे कापली गेली त्या संध्याकाळी बापाला न सांगता ती कुडाळहून लिंबाची दोन रोपे घेऊन आली होती. ती मला म्हणाली, "आत्ये, झाडां तोडूची नाय अशी अट घाल. नायतर बाबा माज्याकडसून सही घेतलो." मी अट घालत नाही. अनुजा तीस वर्षांची आहे, शाळेत मुलांना शिकवते. नाही म्हणायला तिला माझ्या कागदाचा आधार लागू नये.

७. माझ्या चितेला अग्नी यजमान देतील. पायामुळे त्यांना जमले नाही तर अनुजा देईल. बाईने अग्नी द्यायचा नाही असे ज्याला वाटत असेल, त्याने त्या दिवशी घरी बसावे.

८. यजमान माझ्याआधी गेले तर काय, असे कलम लागते म्हणून वकीलबाई सांगतात. मी तीन दिवस ते लिहिले नाही. आज लिहिते: तसे झाल्यास सर्व मिळकत थेट अनुजाला जाईल, पण माझ्या मरणानंतर, एक दिवसही आधी नाही. तोपर्यंत मी या घरात एकटी राहीन. माझी समजूत घालायला कोणी येऊ नये.

प्रत्येक पानावर सही केली आहे. खाडाखोड नाही.

ठिकाण: वालावल
दिनांक: २० मार्च २०२५

(सही) सुभद्रा काशीराम मेतर

वरील सही सुभद्राबाईंनी आम्हा दोघांच्या समोर, वाचून, समजून केली. आम्हाला या मिळकतीत काही मिळायचे नाही.

साक्षीदार:
१. सत्यवान गोविंद घाटकर, निवृत्त पोस्टमास्तर, राहणार वालावल (सही)
२. डॉ. पूजा अजय सावंत, राहणार कुडाळ (सही)