श्रावणासाठी मटण

३ जुलै
नोकरी सोडल्याचा पस्तावा नाही. सोयाबीनचं मटण बनवणार. श्रावणात अख्खं नाशिक मटणावाचून तळमळतं, म्हणजे मार्केट तयारच आहे. कृती सोपी. सोया प्रोटीनची पावडर अल्कलीत विरघळवायची, शेवेच्या सोऱ्यातून व्हिनेगरमध्ये पिळायची. धागे तयार.
छायाची अट: पोळ्यापर्यंत एका तरी माणसाने दुसऱ्यांदा वाढून घेतलं पाहिजे. नाहीतर तिच्या भावाच्या, महेशच्या, दिंडोरीतल्या दुकानात द्राक्षांची औषधं विकायला बसायचं. बायको असून असं बोलते. मी बसणार नाही.

९ जुलै
धागे झाले. चव साबणाची. जीभ चुरचुरली. छाया म्हणाली, भांडी घासायला चालेल.
धागे धुवून अल्कली पूर्ण काढायची असते, असं पुस्तकात आहे. ते पान मी प्रस्तावना समजून सोडलं होतं.

१३ जुलै, रात्री
लिटमस पेपर आणला. कागद निळा व्हायचा थांबेपर्यंत धागे धुतले. आता निर्धोक. महेशला आखाडाचं जेवायला बोलावलं. रश्शात धागे सुटून शेवया झाल्या. त्याने विचारलं, दाजी, खीर तिखट का केली. मग त्यानेच बाहेरून मटण मागवलं. मीही खाल्लं. तुलनेसाठी.

२४ जुलै
जमलं! धाग्यांत गव्हाचं ग्लुटेन घातलं, जुड्या घट्ट बांधून वाफवल्या. काळा मसाला. कामाला येणाऱ्या मंगलाबाई म्हणाल्या, बोकड चांगलं मिळालं तुम्हाला. उद्यापासून श्रावण. महेशने दुसरा नोकर बघावा.

२८ जुलै, श्रावणी सोमवार
सोसायटीत डबा घेऊन फिरलो. दारं उघडली, वास गेला, दारं बंद. सेक्रेटरी उज्वलाताई म्हणाल्या, सोमवारी तरी लाज बाळगा. सोयाचं पाकीट दाखवलं. म्हणाल्या, वासावरून कळतं. वरच्या मजल्यावरचा रोहित श्रावणातही रोज अंडी खातो, तो म्हणाला, खायचं तर खरं मटण खाईन, खोटं कशाला.
श्रावण पाळणाऱ्यांना हे मटण वाटतं, न पाळणाऱ्यांना सोयाबीन. दोष मालात नाही, लोकांत आहे.

२१ ऑगस्ट
उद्या पोळा. छायाने आठवण करून दिली. मी शांत. अट एका माणसाची आहे. मीही माणूसच आहे. उद्या दोनदा वाढून घेणार.

२२ ऑगस्ट, पोळा
छायाने स्वतः वाढलं. पहिला घास घेतला. धागे मऊ, रस्सा झणझणीत, हुबेहूब मटण. मी उठून बेसिनकडे पळालो. थुंकलो, चूळ भरली, देवाला हात जोडले. आयुष्यात श्रावणात कधी खाल्लं नाही हो.
छाया हसली नाही, याचं जास्त वाईट वाटलं. तिने पुरणपोळी वाढली आणि महेशला फोन लावला.
हे अपयश नव्हे. माल इतका अस्सल की करणाऱ्यालाच पाप वाटलं. असं कुणाचं झालंय?
सकाळी दिंडोरीची बस. डब्यात भेंडी दे म्हटलं.